बोटीवर नेमकी माणसं किती होती?

सुरुवातीला एक कोडं.

७ ऑगस्ट २०१० च्या सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा न्हावा शेव्याहून माल भरून बाहेर निघाली होती, खलिजिया आत येत होती. चित्रा एका कुशीवर कलंडली आणि तिच्यावरचे कंटेनर एकेक करून पाण्यात घसरायला लागले. त्यावेळचे फोटो अनेकांना आठवत असतील. मी शाळेत होतो, आणि एवढं मोठं जहाज असं आडवं पडू शकतं हेच मला नवीन होतं. तर त्या चित्रावर किती माल होता? १,२१९ कंटेनर. त्यातल्या ३१ मध्ये कीटकनाशकं वगैरे घातक माल. टाक्यांमध्ये २,६६२ टन इंधन. हे आकडे पेपरात लगोलग आले आणि पुढेही तेच राहिले. त्यावर कुणी वाद घातल्याचं मला तरी दिसलं नाही.

आता कोडं. १७ जुलै १९४७ ला याच मुंबई बंदराच्या तोंडाशी 'रामदास' नावाची आगबोट बुडाली. तिच्यावर माणसं किती होती?

गूगलून बघा. मी गेले दोन वीकेंड हेच करतोय. कुठे मेलेल्यांचा आकडा सव्वासहाशे दिसतो, कुठे सातशेच्या पुढे. काही ठिकाणी एकूण प्रवासी आणि वाचलेले यांची वजाबाकी केली तर त्याच लेखातला मृतांचा आकडा जुळत नाही. एखादा लेखक चुकला असेल तर समजू शकतो. पण इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी लिहिलं आणि आकडा एक होत नाही, याचा अर्थ चूक लिहिण्यात नाही, मुळातच आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर क्वेरी बरोबर आहे हो, पण टेबलमध्ये डेटाच कधी भरला गेला नाही.

आपल्या किनाऱ्यावर बुडालेल्या बोटींबद्दल वाचायला बसलो होतो ते खरं तर त्या कशा बुडाल्या हे समजून घ्यायला. वादळ, लाटा, खडक, इंजिनिअरिंग. पण वाचता वाचता हा आकड्यांचा घोळ सारखा पायात यायला लागला. आणि मग लक्षात आलं की बोट का बुडाली आणि माणसं का मोजली गेली नाहीत, ही दोन वेगळी प्रकरणं नाहीतच.

सुरुवात 'विजळी'पासून करू. ही गुजराती मंडळींना चांगली माहीत असते, आपल्याकडे फारशी नाही. हिचं खरं नाव 'वैतरणा'. पालघर जिल्ह्यातल्या नदीचं नाव. (मेल्यावर ओलांडायची ती पुराणातली वैतरणी. एवढं साम्य असलेलं नाव बोटीला ठेवताना कुणीच कसं हटकलं नाही, देव जाणे.) स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या गोदीत १८८५ साली बांधलेली ही बोट मुंबईतल्या शेफर्ड कंपनीची होती आणि कच्छमधलं मांडवी ते मुंबई अशी फेरी करायची. बोटीवर विजेचे दिवे होते. त्या काळी घरोघर तेलाचे दिवे असताना रात्रीच्या समुद्रातून झगमगत जाणारी बोट म्हणजे केवढं अप्रूप असेल! म्हणून लोकांनी तिचं नाव पाडलं विजळी. 'हाजी कासमची विजळी' म्हणून तिच्यावर गुजरातीत गाणी आहेत. हा हाजी कासम काहींच्या मते कप्तान, काहींच्या मते तिकिटं विकणारा एजंट.

८ नोव्हेंबर १८८८ ला विजळी मांडवीहून निघाली. वाटेत द्वारकेला आणखी प्रवासी चढले. पोरबंदरला थांबायचं होतं, पण हवा बिघडलेली बघून ती न थांबता तशीच मुंबईकडे वळली. संध्याकाळी मांगरोळजवळ ती दिसल्याचं सांगतात. त्यानंतर ती कुणालाच दिसली नाही. माणूस नाही, प्रेत नाही, फळकूट नाही. शोधायला आगबोटी पाठवल्या गेल्या, त्यांनाही काही मिळालं नाही. आजतागायत तिचे अवशेष सापडलेले नाहीत.

बोट सुमारे १७० फूट लांब आणि जेमतेम साडेसव्वीस फूट रुंद. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळासमोर हे काहीच नाही. नंतर मुंबई सरकारने चौकशी नेमली. तिचा निष्कर्ष असा की बोटीवर पुरेशा लाइफबोटी आणि जीवरक्षक साधनं नव्हती. दंतकथा वेगळं सांगते. पोरबंदरचा इंग्रज अधिकारी लेली याने कप्तानाला पुढे जाऊ नकोस म्हणून बजावलं होतं, कप्तानाने ऐकलं नाही, म्हणे. या गोष्टीला पुरावा सापडलेला नाही. पण गोष्ट का टिकली ते कळतं. एक हट्टी माणूस दोषी ठरला की बाकीच्यांना, म्हणजे कमी लाइफबोटी देऊन बोट समुद्रात सोडणाऱ्यांना, काही विचारावं लागत नाही.

आणि माणसं किती होती? ७४१, ७४४, ७४६, ७९८ असे वेगवेगळे आकडे मिळतात. लोककथेत तेराशे. बोटीवर लग्नाची तेरा वऱ्हाडं होती, मॅट्रिकच्या परीक्षेला मुंबईला निघालेली मुलं होती, असंही सांगतात. गाण्यांनी वऱ्हाडं मोजली, बोटवाल्यांनी तिकिटं मोजली, आणि या दोघांच्या मधे कुठेतरी खरी माणसं होती.

इथे जरा तेव्हाच्या प्रवासाची पद्धत बघायला हवी, नाहीतर आपण आजचा बोर्डिंग पास डोळ्यासमोर ठेवून नावं ठेवत बसू. किनाऱ्यावरच्या बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागतच नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी. प्रवासी, त्यांच्या ट्रंका, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या हे सगळं पडावातून बोटीपर्यंत न्यायचं आणि हलत्या पडावातून हलत्या बोटीवर चढवायचं. पावसात, अंधारात. डेकच्या तिकिटावर नाव नाही. कडेवरचं पोर फुकट, त्याच्याहून मोठ्याला अर्धं तिकीट. आणि ओळखीपाळखीने चढलेले वेगळेच. तिकीट मास्तरला हिशोब द्यायचा असतो तो पैशांचा. दोन अर्धी मिळून एक, फुकटं पोर म्हणजे शून्य. पैसे जुळले की त्याचं काम झालं. म्हणजे मोजणी होत होती, नाही असं नाही, पण जे मोजलं जात होतं ते माणूस नव्हतं.

विजळीनंतर ३९ वर्षांनी, ११ नोव्हेंबर १९२७ ला 'तुकाराम' आणि 'जयंती' अशा दोन बोटी एकाच दिवशी वादळात सापडून कोकणच्या किनाऱ्यावर बुडाल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या. इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी असं तिचं लांबलचक नाव. लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणायचे. स्वदेशीच्या काळात निघालेली, गोऱ्या कंपन्यांशी टक्कर घेणारी, म्हणून लोकांचा जीव तिच्यावर. बोटींना संतांची नावं.

तारखा बघा जरा. ८ नोव्हेंबर, ११ नोव्हेंबर. अरबी समुद्रातली चक्रीवादळं मुख्यतः दोन हंगामांत येतात, पावसाळ्याच्या आधी मे-जूनमध्ये आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की तो शांत झाला असं धरतात, आणि रोजच्या मासेमारीपुरतं ते खरंही आहे. दिवाळीच्या सुमाराला आकाश निवळलेलं असतं, सगळ्यांना घरी जायचं असतं, बोटी भरलेल्या असतात. नेमकं तेव्हाच.

रामदास मात्र वादळात बुडाली नाही. म्हणूनच ती जास्त छळते.

रामदासही याच माझी आगबोट कंपनीची. इंग्लंडमधल्या स्वान हंटर कंपनीने १९३६ साली बांधली. लांबी १७९ फूट, रुंदी २९ फूट, ४०६ टन. (हा टन वजनाचा नाही बरं का! जहाजाचा 'ग्रॉस टन' म्हणजे आतल्या जागेचं माप, शंभर घनफुटांचा एक. मीही आधी ४०६ टन वजन समजूनच वाचत होतो, पण आकडेमोड करायला बसल्यावर शंका आली म्हणून शोधलं.) १७ जुलै १९४७, गुरुवार. सकाळी आठच्या सुमाराला ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. एरवी तासा-दीड तासाचा प्रवास. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावस्या, म्हणजे आपली गटारी. गावी जाणाऱ्यांची ही गर्दी. स्वातंत्र्याला २९ दिवस राहिले होते. गिरणगावातले चाकरमानी, अलिबाग-पेणकडचे लोक, कोळणी, पोरंबाळं. मे महिन्यात एसटी भरते तशी बोट भरलेली.

अमावस्येचा आणखी एक अर्थ होतो, जो दर्यावर जाणाऱ्याला सांगावा लागत नाही. अमावस्या-पौर्णिमेला भरतीला जोर असतो, उधाण असतं. भर आषाढातला पाऊस आणि वारा त्यावर. वादळ नाही, कुठे लाल बावटा नाही. पण लहान बोटीने काठोकाठ भरून जायचा हा दिवस नव्हे.

नऊच्या सुमाराला बोट गल आयलंडजवळ पोचली. कोळी त्याला काश्याचा खडक म्हणतात. तोवर पाऊस आणि वारा वाढला होता. वाचलेल्यांनी सांगितलेल्या हकिकतींचा सारांश असा की पावसाचा मारा चुकवायला लोक एका बाजूला सरकले, लाटेचं पाणी डेकवर आलं, घाबरून धावपळ झाली, बोट कलली, आणि ती सावरायच्या आत पुढची लाट आली. काही मिनिटांत सगळं संपलं.

बातमीत आपण वाचतो, 'प्रचंड लाटेने बोट उलटली'. पण लाटेने एकटीने हे केलं का? चला, थोडं गणित. सातशे माणसं धरू, सरासरी ५५ किलो. झाले साडेअडतीस टन. त्यातली निम्मी, म्हणजे एकोणीस टन, तीन मीटर एका अंगाला सरकली. नऊ मीटर रुंदीच्या बोटीवर एक मालाने भरलेला ट्रक तीन मीटर बाजूला ढकलला तर जे होईल तेच हे. त्यातून बरीच माणसं वरच्या डेकवर, म्हणजे बोटीचा गुरुत्वमध्य आधीच वर गेलेला. जहाज कललं की पाणी त्याला उलट बाजूने ढकलून सरळ करतं, पण ते एका मर्यादेपर्यंतच. गुरुत्वमध्य जितका वर आणि जितका एका अंगाला, तितकी ही मर्यादा लवकर येते. शिवाय डेकवर आलेलं पाणीही कललेल्या बाजूलाच धावतं, म्हणजे माणसांच्या जोडीला तेही. मर्यादा ओलांडली की जे पाणी सावरत होतं तेच उलटवायला मदत करतं. ही घसरण मग कप्तानाच्या हातात राहत नाही.

म्हणजे लाट निमित्त झाली. बोट उलटायची तयारी धक्क्यावरच झालेली होती.

आणि इथे मोजणीचा संबंध येतो. चित्रावरचा प्रत्येक कंटेनर किती वजनाचा, कुठल्या रांगेत, कितव्या थरावर, हे सगळं कागदावर असतं. त्याशिवाय जहाज हलत नाही. वर त्याला बांधतात, जहाजवाले त्याला लॅशिंग म्हणतात. कंटेनर घाबरत नाही, पाऊस लागतो म्हणून जागा बदलत नाही. माणूस हा एकच असा माल, ज्याला पाय आहेत आणि ज्याला बांधता येत नाही. म्हणजे काटेकोर हिशोब ठेवायचा तर सगळ्यात आधी त्याचा. आणि नेमका त्याचाच ठेवला गेला नाही. कारण सरळ आहे. कंटेनर हरवला तर कुणाचे तरी पैसे जातात, त्याच्यामागे विमा कंपनी आहे, बँक आहे, बिल ऑफ लेडिंग आहे. डेकवरच्या प्रवाशाचे पैसे तर आधीच वसूल झालेले असतात.

पुढचा भाग वाचताना मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ बाहेर जाऊन आलो. रामदास बुडाली सकाळी नऊच्या सुमाराला. मुंबईला कळलं ते कित्येक तासांनी, दुपार उलटून गेल्यावर. बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबईत लोक समजत असणार, पोचली असेल रेवसला. रेवसला समजत असणार, एवढ्या पावसात सुटलीच नसेल. दोन्ही टोकांना सगळं आलबेल, आणि मधे सात-आठ मैलांवर माणसं पोहतायत. आमच्याकडे सर्व्हर दर काही सेकंदांनी 'मी जिवंत आहे' असा निरोप पाठवतो, त्याला हार्टबीट म्हणतात. निरोप थांबला की रात्री दोन वाजता फोन वाजतो आणि कुणीतरी शिव्या घालत उठतं. शेकडो माणसं घेऊन निघालेल्या बोटीसाठी असा एकही निरोप ठरलेला नव्हता. पोचल्याची तारसुद्धा नाही, न पोचल्याची कसली येणार!

जी माणसं वाचली ती बरीचशी कोळ्यांमुळे. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या होड्या तिथे पोचल्या. त्यांनी मासळी समुद्रात फेकून दिली आणि होडीत माणसं घेतली, असं सांगतात. दिवसाची सगळी कमाई होती ती. त्यांनाही कुणी बिनतारी संदेश पाठवला नव्हता.

आता असा एक जण डोळ्यासमोर आणा, जो त्या दिवशी बोटीवर होता आणि परत आला नाही. प्रेत मिळालं नाही. समुद्राने दिलं तर दिलं. प्रवाशांच्या यादीत नाव नाही, कारण यादीच नाही. तिकीट त्याच्याच खिशात, त्याच्याबरोबर बुडालेलं. तो मेला हे त्याच्या बायकोने सिद्ध कसं करायचं? तो त्या बोटीत बसला होता हेच सिद्ध कसं करायचं? १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम १०८ असं होतं की ज्या माणसाबद्दल, त्याची खबर ज्यांना एरवी लागली असती अशा लोकांना सात वर्षं काहीच ऐकू आलेलं नाही, तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावं. म्हणजे व्यवहारात, दुसरा पुरावा नसेल तर सात वर्षं. सात वर्षं तो कागदोपत्री ना जिवंत ना मेलेला. त्याच्या नावावरची जमीन, गिरणीतला फंड, बायकोचं पुढचं आयुष्य, सगळं टांगलेलं. हा कायदा विजळीच्या वेळीही होता आणि रामदासच्या वेळीही. जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, पण सात वर्षांचा हिशोब त्यातही तसाच आहे.

यादीत नाव असणं म्हणजे नुसती नोंद नाही. मागे राहिलेल्याला 'तो गेला' असं म्हणायचा हक्क त्या एका ओळीतून मिळतो.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. डिसेंबर १९८७ मध्ये फिलिपिन्सला 'दोन्या पाझ' नावाची फेरीबोट एका तेलवाहू जहाजावर आदळून जळाली. यादीत दीड हजाराच्या आसपास प्रवासी. मेलेल्यांचा आकडा मात्र चार हजारांच्या वर गेला. तेही नाताळसाठी घरी निघालेले. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या प्रवासी जहाजांसाठी 'सोलास' नावाचे नियम आहेत. त्यात आता स्पष्ट लिहिलंय की जहाज सुटण्याआधी त्यावरची सगळी माणसं मोजायची. इतकी साधी गोष्ट नियमात लिहावी लागली.

यावर कुणी म्हणेल, अरे बाबा, ही जुनी रडगाणी झाली. आता सगळ्यांकडे मोबाइल आहेत, सॅटेलाइट आहे, हवामान खातं चार-चार दिवस आधी सांगतं. बरोबर आहे. ४ ऑगस्ट २०११ ला 'रॅक कॅरियर' नावाचं जहाज मुंबईपासून साधारण वीस सागरी मैलांवर साठ हजार टनांहून जास्त कोळसा घेऊन बुडालं. त्यावरचे तीसच्या तीस खलाशी वाचवले. चित्रावरचेही सगळे वाचले होते. मोजके, नावानिशी माहीत असलेले खलाशी असतील तर आपली बचाव यंत्रणा उत्तम काम करते, हे मान्यच करायला हवं.

पण मग पी-३०५ चं काय करायचं? १७ मे २०२१, तौक्ते चक्रीवादळ. मुंबईपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर हीरा तेलक्षेत्राजवळ हे बार्ज नांगरून उभं होतं. बार्ज म्हणजे समुद्रात काम करणाऱ्या कामगारांच्या राहण्याचा तरंगता मजला. स्वतःचं इंजिनसुद्धा नाही. वादळाची सूचना काही दिवस आधीच मिळालेली होती. वाऱ्यात नांगर तुटले, बार्ज भरकटत एका तेलफलाटावर आदळलं, भोक पडलं, पाणी शिरलं आणि संध्याकाळी ते बुडालं. नौदलाने त्या तसल्या समुद्रातून दीडशेहून अधिक माणसं जिवंत काढली. त्याला तोड नाही. तेव्हा मी घरूनच काम करत होतो, एका खिडकीत कॉल आणि दुसरीत बातम्या. सुरुवातीला सगळीकडे आकडा होता २७३. मग सुधारित आकडा आला, २६१.

बारा माणसांचा फरक! २०२१ सालात, तेलक्षेत्रात, जिथे एकेका माणसाला ओळखपत्र असतं. त्या बारांच्या घरच्यांनी, आणि मुख्य म्हणजे आपला माणूस त्या बारांत असेल का असा विचार करणाऱ्या बाकी सगळ्यांनी, ते दिवस कसे काढले असतील? पी-३०५ आणि सोबतचा 'वरप्रदा' हा टग मिळून ऐंशीहून अधिक लोक गेले. वरप्रदावर तेरा जण होते, दोनच वाचले. काही मृतदेह वाहत रायगडच्या आणि थेट गुजरातच्या किनाऱ्याला लागले, आणि बऱ्याच जणांची ओळख डीएनए तपासून पटवावी लागली. निदान ती सोय आता आहे. तपासून बघायला नातेवाइकांची यादी तरी होती.

रामदास ज्या भाऊच्या धक्क्यावरून सुटली होती, त्या धक्क्यावरून २०२० च्या मार्चपासून मांडव्याला रो-रो बोट जाते. मोठी, प्रशस्त, गाड्या पोटात घेणारी. मी दोनदा गेलोय. वरच्या डेकवर समोसे खात उभं राहिलं की मनात येतं, याच पाण्यातून ती गेली असणार. गेटवेवरून एलिफंटाला जाणाऱ्या लाकडी लाँचेसमध्येही बसलोय. तिकीट म्हणजे हातभर रांगेत उभं राहून मिळणारा कागदाचा चिटोरा. मला तरी नाव कुणी विचारलं नाही.

१८ डिसेंबर २०२४ ला दुपारी 'नीलकमल' ही अशीच एक लाँच गेटवेहून एलिफंटाला निघाली होती. हवा स्वच्छ, समुद्र शांत. नौदलाच्या एका स्पीडबोटीची इंजिन चाचणी चालू होती, तिचा ताबा सुटला आणि ती सरळ येऊन नीलकमलवर आदळली. आदळतानाचा व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल, प्रवाशांपैकीच कुणीतरी काढलेला. नीलकमलला परवानगी होती ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांची. बोटीवर शंभराहून जास्त लोक होते. नेमके किती, याचे त्या संध्याकाळी चॅनेलागणिक वेगळे आकडे चालू होते. आजूबाजूच्या बोटी धावून गेल्या, बहुतेकांना बाहेर काढलं. रात्री मृतांचा आकडा १३ होता. कोण कुठल्या इस्पितळात आहे, कुणाला कुठल्या बोटीने कुठल्या किनाऱ्यावर नेलंय, याचा ताळा लागायला वेळ गेला, आणि तो लागेपर्यंत किती जण अजून पाण्यात आहेत हे खात्रीने सांगता येत नव्हतं. शेवटी बेपत्ता राहिला होता तो सात वर्षांचा एक मुलगा. तीन दिवस शोध चालला. २१ डिसेंबरला तो सापडला आणि आकडा १५ वर थांबला.